न्हाणीवरचा ऊस

"सायेब, आधी सदरा काढा! बोलणं मागून!"

रंगनाथबप्पा एवढ्या जोरात ओरडले की दारातल्या लिंबावरचे कावळे जे उठले, ते वाशीच्या बाजारात जाऊन बसले, असं आमच्या ईट गावात अजून सांगतात. मी सांगतो, म्हणून बाकीचे सांगतात. समोर तालुक्याच्या गावाहून, भूमहून आलेले साहेब होते. दुष्काळाच्या दिवसांत गावाला टँकर वेळेवर येतो का, पाणी घरोघर पोचतं का, एवढंच बघायला बिचारे मोटारसायकलवरून आले होते. विचारत विचारत आमच्या गल्लीत शिरले, तर इथं अर्धा गाव कमरेला पंचा गुंडाळून रांगेत उभा. ज्याच्या त्याच्या हातात आपापली भरलेली बादली. आणि रांगेच्या तोंडाला पांढऱ्या मिशांचा, उघडाबंब, सत्तरी ओलांडलेला म्हातारा त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्यांकडं बोट करून ओरडतोय.

"मी पाण्याची चौकशी करायला आलोय," साहेब म्हणाले.

"मंग पाणी अंगावर घिऊनच चौकशी करा की. कोरड्या अंगाला काय कळणार हाय?"

"अहो, पण माझी सकाळी अंघोळ झालीय."

"ती भूमची झाली. हितली राहिलीय."

साहेबांनी मदतीसाठी आजूबाजूला बघितलं. सोडवणारा एक चेहरा दिसेना. उलट सगळी गल्ली त्यांच्याकडं मोठ्या आशेनं बघत होती. कारण साहेब अंगानं चांगले भरलेले होते, आणि भरलेल्या अंगाला पाणी जास्त लागतं.

हे असं कशामुळं, ते सांगायचं तर आधी बप्पा सांगावे लागतील. आणि बप्पा थोडक्यात सांगता येत नाहीत. ते स्वतःही कधी थोडक्यात आले नाहीत. त्यांच्या आधी त्यांचा आवाज यायचा, मग मिशा, मग ते. शेतातून घरी निघाले की वेशीजवळच "चहा टाक" म्हणायचे आणि घरी पोचेपर्यंत गल्लीतल्या सात-आठ घरांत चहा झालेला असायचा. प्रत्येक घरात तो पिऊन मग ते स्वतःच्या घरी जायचे. चहात गूळ. साखर त्यांना चालत नसे. "साखर म्हंजी उसाचं हाडूक," म्हणायचे, "रसबिस समदा दुसऱ्यानंच खाल्लेला असतूय."

उसाच्या बाबतीत त्यांची अशी बरीच मतं होती. कारखान्याला जाणाऱ्या उसाला ते ऊस म्हणतच नसत. "त्यो गोड वासा हाय. घरावर टाकावा, पत्र्याखाली." ऊस म्हणजे दातानं सोलून खायचा तो. बप्पांच्या तोंडात म्हातारपणीही सगळे दात होते. सगळे म्हणजे, माणसाला असतात त्याहून दोनचार जास्तच असावेत. भूमच्या आठवडी बाजारात एकदा ते रसवंतीसमोर उभे राहिले, काखेतला स्वतःचा ऊस काढला आणि सोलायला लागले. इकडं रसवंतीचं चाक फिरतंय, घुंगरं वाजतायत, आणि तिकडं बप्पांचा जबडा. थोड्या वेळानं गिऱ्हाइकं हातातले गिलास ठेवून बप्पांकडं बघायला लागली. चिपाडांचा ढीग चाकाच्या बाजूला कमी आणि बप्पांच्या बाजूला जास्त. रसवंतीवाला हात जोडून म्हणाला, "बप्पा, दोन गिलास फुकट पाजतो, पर तेवढं पलीकडं जाऊन खावा."

बप्पांनी गिलासाकडं बघितलं. "रस म्हंजी दुसऱ्यानं चावलेला ऊस," ते म्हणाले. "म्या उष्टं खात न्हाय."

हा जो काखेतला ऊस, तो त्यांच्या परसातला. पुंड्या ऊस. पूर्वी खाण्यासाठी लावायचे तो. मनगटाएवढा जाड, जांभळट, मऊ सालीचा. कारखान्याच्या उसाला कोयता लागतो, पुंड्याची साल नुसत्या दातानं निघते. बप्पांच्या म्हणण्याप्रमाणं नजरेनंसुद्धा निघते, पण नजर तशी पाहिजे. आता कुणी लावत नाही. उतारा कमी, वजन कमी, आणि उंदरापासून माकडापर्यंत सगळ्यांना आवडतो. आमच्या भागात तो बप्पांच्या न्हाणीमागं तेवढा उरला होता. न्हाणी म्हणजे काय, परसात चार फरश्या मांडलेल्या, त्यावर बसून अंघोळ करायची; पाणी एका चरातून मागच्या उसाला. उसाची तीन बेटं होती. तीन बेटं म्हणजे तीन ठोंब, एकेकातून डझनभर ऊस उठलेले.

आणि हा ऊस बप्पांचा नव्हताच. सोजरकाकूंचा होता.

सोजरकाकू म्हणजे बप्पांची बायको. देवानं दोघांत मिळून जेवढं बोलणं दिलं होतं, ते बप्पांनी लग्नातच सगळं उचललं. काकूंच्या वाट्याला उरलं ते चिमूटभर, आणि ते त्या मिठासारखं वापरायच्या. बप्पा ओट्यावर बसून गोष्ट सांगायचे, की रानडुकरांचा अख्खा कळप परसात शिरला, पन्नासेक असतील, म्या नुसता कडाकडा ऊस चावला आणि तो आवाज ऐकून डुकरं जी पळाली ती थेट बालाघाट उतरली. आतून काकूंचा आवाज यायचा, "दोन हुती. आन् ती आधीच चालली हुती."

काकू लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या वडलांनी रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी उसाच्या दोन कांड्या ठेवल्या होत्या, डोळे राखून. डोळा म्हणजे कांडीवरचा कोंब फुटायचा तो ठिपका. लोक हसले. काकूंनी ओटीत घालून त्या आणल्या आणि न्हाणीमागं पुरल्या. पुढं काही वर्षांनी त्यांचं माहेरचं गाव तळ्याच्या पाण्यात गेलं. घरं, वेस, चिंचा, तो उसाचा मळा, सगळं. भाऊ पांगले, एक पुण्याकडं, एक तिकडं लातुराकडं. माहेरचं असं जितं काही उरलं ते ही तीन बेटं. काकू हे कधी बोलल्या नाहीत. बप्पा मात्र दर दिवाळीला सांगायचे. सांगताना त्या उसाची गोडी वाढत वाढत गेली होती. सासऱ्याच्या मळ्यात म्हणे ऊस तोडला की विहिरीचं पाणी गोड व्हायचं, मुंग्या मोटेच्या दोरावरून खाली उतरायच्या. काकू भाकरी थापत राहायच्या.

तुळशीच्या लग्नाला बप्पांची खरी मिरवणूक. आपल्याकडं तुळशीमागं ऊस उभा करतात, तो तिचा मामा. गल्लीतल्या प्रत्येक तुळशीला मामा पुरवायचे ते बप्पा. डोक्याला फेटा बांधून, उसाची मोळी खांद्यावर घेऊन दारोदार जायचे आणि मामाचा मान म्हणून चहा, चिरमुरे, वर पान वसूल करायचे. "म्या गावातल्या समद्या तुळशींचा सख्खा मामा हाय," म्हणायचे. "एवढ्या भाच्या कुणाला हायत का, दावा."

मग तो उन्हाळा आला.

आमचा भाग मुळात कोरडा. इथं ऊस लावणं म्हणजे बिनपाण्याच्या तळ्यात नाव सोडणं. पण त्या साली विहिरींचे तळ दिसले, बोअर फुसफुसले, लोकांचा कारखान्याचा ऊस जनावरांपुढं गेला, आणि गल्लीच्या तोंडाशी टँकर यायला लागला. बप्पांच्या घरात माणसं दोन, त्यांच्या वाटचं पाणी केवढं. ते दोघं अंघोळ करून करून किती करणार. बेटं पिवळी पडायला लागली. काकूंनी एकदाच म्हटलं, "माहेर पाण्यात गेलं. आन् माहेरचा ऊस पाण्यावाचून चाललाय." एवढं लांब वाक्य त्या बोलल्याचं गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं. बप्पांना दुसऱ्या दिवसापासून चैन पडेना.

त्यांनी युक्ती काढली ती अशी. घरोघर जाऊन म्हणाले, "म्या तुमचं पाणी मागायलो न्हाय. तुमचं पाणी तुमच्याच अंगावर जाणार हाय. मंग तुमच्या मोरीत सांडून गटारीत कामून घालवायलाव? माझ्या न्हाणीत येऊन सांडा की. अंग तुमचं, पाणी तुमचं, गाळ तेवढा माझा."

यात चूक कुठं आहे हे कुणाला सापडेना, म्हणून सगळे जायला लागले. सकाळी पुरुष. दुपारी पोत्यांचा आडोसा लावून बायका, तेव्हा काकू कारभारी आणि बप्पांची रवानगी मारुतीच्या पारावर. तिथूनही त्यांच्या सूचना ऐकू यायच्या. नियम कडक. साबण बंद. हरभऱ्याचं पीठ नाहीतर शिकेकाई. अंग पुसायचं नाही, उसात उभं राहून झटकायचं. बप्पा पाठ करून उभे राहायचे पण कान तिकडं. "बगलंत घ्या, बगलंत. आवाजावरून कळतंय, तुमी नुसतं डोक्यावरच वतायलाव." पाहुणा आला की चहाच्या आधी न्हाणी. एकदा पुतणीला बघायला पाच माणसं आली. पाचही ओल्या केसांनी पोहे खाऊन गेली आणि लग्न जमलं. त्या उन्हाळ्यात आमची गल्ली अख्ख्या मराठवाड्यात सगळ्यात स्वच्छ होती. माश्या कंटाळून ईट सोडून गेल्या. आणि बेटं हिरवी राहिली. यातलं शेवटचं वाक्य तरी खरं समजा.

माणसाला यश पचत नाही. बप्पांना वाटायला लागलं की गल्लीतला थेंब न् थेंब आपलाच. ते आता फिरायला लागले. कुणी तांदूळ धुतले की बप्पा हजर. कुणी भाजी विसळली की बप्पा हजर. वैशाखात एका सकाळी त्यांना चंद्रकलावहिनींच्या ओट्यावर घंगाळ दिसलं, काठोकाठ पाण्यानं भरलेलं. चंद्रकलावहिनी म्हणजे शेजारच्या. त्यांचा हात लोणच्याला चांगला, म्हणून सगळ्या भावकीचं लोणचं त्या घालायच्या. घंगाळात रात्रभर कैऱ्या मिठात घातल्या होत्या. बप्पांनी घंगाळ उचललं, न्हाणीमागं नेलं आणि उसात ओतलं. तळाला खडेमीठ राहिलं होतं. "काय वाया जाऊ द्यायचं न्हाय" म्हणत तेही हातानं खरवडून टाकलं.

वहिनी धावत आल्या. "बप्पा, आवं त्यात लोणचं हुतं."

"लोणचं तुझं. पाणी माझं."

आणि मग बप्पांना बेटाच्या बुडाशी पडलेल्या कैरीच्या फोडी दिसल्या. त्यांनी बोट चाखलं.

गल्लीनं त्या दिवशी जे ऐकलं ते पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. शांतता. बप्पा गप्प बसले होते. त्यांनी हातानं माती उकरून काढायला सुरुवात केली, उकरत राहिले, फोडी वेचून बाहेर टाकत राहिले. काकू दारात आल्या, बघितलं, आत गेल्या. स्वयंपाक केला, बप्पांना वाढलं, ताट झाकलं आणि स्वतः जेवल्या नाहीत. हे चंद्रकलावहिनींनी पाहिलं म्हणून आम्हाला कळलं.

पानं टोकाकडून करपत आली. आधी एक बेट गेलं, मग दुसरं. तिसऱ्यात मधला सुरळीचा पोंगा तेवढा हिरवा होता. बप्पा त्याच्यासमोर ओंडक्यावर बसून राहायचे. गल्लीचं गणित बिघडलं. पोरांना सकाळ झालेली कळेना, म्हशींना दूध काढायची वेळ कळेना. इतकी वर्षं ज्या आवाजाला आम्ही कंटाळलो होतो, तो नाही म्हणून कुणाला दुपारची झोप लागेना.

आणि मग सोजरकाकू निघाल्या. ज्या बाईनं उभ्या जन्मात शेजारी विरजण मागितलं नव्हतं, ती डोईवर पदर घेऊन गल्लीच्या त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत प्रत्येक दारात थांबली. प्रत्येक दारात एकच वाक्य. "उद्या समदे अंघोळीला या. पाणी घिऊन या." मीठ धुऊन खाली घालवायचं तर गोडं पाणी एकदम सोडावं लागतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कुणी काही विचारलं नाही. ज्यांनी दोन दिवसांचं पाणी साठवून ठेवलं होतं त्यांनी तेही आणलं.

सकाळी बप्पांनी मान वर केली तर दारापासून लिंबापर्यंत रांग. ते उठले. न्हाणीच्या फरशीपाशी जाऊन उभे राहिले. ओठ हलले, पण आवाज फुटेना. पहिली चारदोन माणसं मुकाट्यानं अंघोळ करून गेली. आणि तेवढ्यात मोटारसायकल थांबली, साहेब उतरले, चौकशी करायला लागले, आणि बप्पांना इतक्या दिवसांनी कंठ फुटला. तो सुरुवातीला सांगितला तो.

साहेबांनी शेवटी सदरा काढला. त्यांची चूक नाही, ऊनही तसंच होतं. फरशीवर बसले, दोन्ही बाजूंनी दोघांनी बादल्या ओतल्या. पहिल्या बादलीला साहेब कावले, दुसरीला गप्प झाले, तिसरीला डोळे मिटून घेतले.

"पाठ राहिली," बप्पा ओरडले. "सायेबाची पाठ राहिली. पाठीला लई जागा हाय, वता तितं."

डोळे मिटल्या मिटल्याच साहेबांना आपलं काम आठवलं. "पाणी पोचतं का पण?"

बप्पांनी वाकून चरात बघितलं. पाणी तिसऱ्या बेटाच्या बुडापाशी गरगरून जिरत होतं.

"बगा की. पोचलं."

साहेब जाताना म्हणाले, नोकरीत एवढी वर्षं झाली, अशी चौकशी कुठं झाली नव्हती. काकूंनी त्यांना चहा दिला आणि चहासोबत खडा गूळ.

त्यानंतर आठवडाभर बप्पा सकाळी पालथे पडून मातीला डोळा लावायचे. एका पहाटे आम्ही उठलो ते एका आवाजानं. बप्पा कुजबुजत होते. बप्पांची कुजबुज एसटी स्टँडपर्यंत जाते. "हळू बोला," ते सगळ्या गल्लीला सांगत होते. "हळू बोला. उगवायलंय." आम्ही वाकून बघितलं. बुडातून जांभळट टोक, नखाएवढं, ओल्या मातीतून वर आलेलं. काकूंनी त्याच्याकडं बघितलं, मग बप्पांच्या मातीनं भरलेल्या मिशांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तोंड धुवा." पण त्या दिवशी त्या बप्पांच्या आधी जेवायला बसल्या.

पुढं पाऊस पडला. तो सगळीकडंच पडतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कार्तिकात तुळशीची लग्नं आली तेव्हा ऊस छातीएवढाच होता. बप्पांनी तोडू दिला नाही. फेटा बांधून ते नेहमीसारखे दारोदार गेले आणि प्रत्येक तुळशीमागं उसाचं एकेक पान खोवलं. "मामा आजारी हाय," सांगितलं. "फेटा पाठवलाय. निभवून घ्या." चहा, चिरमुरे, पान मात्र पूर्ण मामाचं घेतलं.

पहिला ऊस तोडला तो संक्रांतीला. बप्पा मला शेवटचे धड दिसले ते तेव्हा; मी नंतर नोकरीला धाराशिवला गेलो आणि पुढच्या वर्षी ते ओट्यावर बसल्या बसल्या, एक गोष्ट अर्ध्यावर सोडून गेले. गल्ली अजून त्या गोष्टीचा शेवट काय असेल यावर भांडते. पण त्या संक्रांतीला ते तिसऱ्या बेटासमोर कोयता घेऊन उभे होते. सगळी गल्ली परसात. बायकांच्या हातात सुगडं, त्यात गाजर, बोरं, हरभऱ्याचे घाटे आणि उसाच्या करव्यांसाठी सोडलेली जागा. भूमचे साहेबसुद्धा आले होते, पाच-दहा मिनिटं म्हणून, आणि यावेळी त्यांना कुणी सदरा काढायला सांगितलं नाही याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं.

बप्पांनी ऊस तोडला, दातानं सोलला, पेरं मोडून सगळ्यांना दिली. सगळ्यांनी तोंडात घातलं. आणि सगळे एकमेकांकडं बघायला लागले. ऊस रसाळ होता, मऊ होता, पण गोडी म्हणावी तर नव्हती. आधीच्या वर्षी होती त्याच्या पासंगालाही नाही. बप्पांचा जबडा चालता चालता थांबला. मिठानं मूळच बदललं का काय, हे त्यांच्या तोंडावर आम्हा सगळ्यांना वाचता येत होतं. बेट वाचलं, पण जे वाचवायचं ते वाचलं का?

चांगलं जाडजूड पेर काढून, नीट सोलून, बप्पांनी काकूंच्या हातात दिलं. काकू सावकाश चावत राहिल्या. रस गिळला, चोथा ओंजळीत घेतला, दुसरा तुकडा तोडला. तोही चावला. डोळे कुठंतरी लांब लागलेले. साहेबांनी हातातलं पेर खाली धरलं.

"सोजर," बप्पा म्हणाले, एवढ्या हळू की शेजारच्यालाच ऐकू यावं. "गोड न्हाय, ते म्हायतीय. तुझ्या तिकडच्यासारखा लागतूय का न्हाय, तेवढं सांग."

काकूंनी चोथा बेटाच्या बुडाशी टाकला, पदराला हात पुसला.

"तिकडंबी असाच पाणचट असायचा," त्या म्हणाल्या.